कपिलधारची दरी आणि कोसबाडची कुरणशाळा

बीड शहरातून सोलापूरच्या रस्त्याला लागले की पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहीर लागते. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली ही विहीर एकदा तरी पाहावी अशी आहे. मोट नाही, इंजिन नाही. जमिनीच्या पोटातून नहर खणून पाणी आपल्या उताराने शेतापर्यंत जावे अशी सोय त्या वेळच्या कारागिरांनी करून ठेवली. पुढे पालीजवळ बिंदुसरेचा तलाव दिसतो आणि मग बालाघाटाचा चढ सुरू होतो. घाट चढून गाडी मांजरसुंब्याकडे निघाली की कपिलधारचा फाटा. बीडपासून सगळे मिळून अठरा-वीस किलोमीटर.

फाट्यावरून आत वळले की आधी उजाड माळ लागतो. तरवड, हिवर, बोरी, मध्येच एखादे कडुनिंबाचे झाड. वर्षानुवर्षे कमी पावसावर जगणारा हा मुलूख. बाजरी, तूर आणि कापूस यांच्यावर संसार ओढणारी इथली माणसे. त्या माळावरून जाताना पुढे एवढी हिरवी दरी असेल असे कोणाला वाटणारही नाही. रस्ता खाली उतरू लागतो, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात, हवेत गारवा येतो आणि कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज कानावर येऊ लागतो. हीच कपिलधार.

पावसाळा सरता सरता इथे यावे. तेव्हा धार भरलेली असते, कड्यावर शेवाळ हिरवेगार असते आणि डोंगरउतारावर सीताफळे धरलेली असतात. उन्हाळ्यात धार बारीक होते, तरी झाडांच्या सावलीत बरे वाटते. धबधब्याजवळ संत मन्मथस्वामींची समाधी आहे. वीरशैव लिंगायत परंपरेतील हे थोर संत. संस्कृताचा मान मोठा असलेल्या त्या काळात त्यांनी ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि धर्माची गोष्ट साध्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितली. कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात. एरवी शांत असलेली ही दरी त्या दिवसांत माणसांनी फुलून जाते.

कपिलधारवर लिहिणारे बहुतेक जण समाधी, धबधबा आणि यात्रा सांगून थांबतात. मला मात्र तिथे आणखी एक गोष्ट भेटली. त्या गोष्टीमुळे थेट दोन-तीन जिल्हे ओलांडून समुद्राकाठच्या एका टेकडीची आठवण झाली. ती आठवण आपल्या घरच्या लेकरांच्या कामाची आहे म्हणून सविस्तर लिहितो.

माळावरचा वाटाड्या

देवदर्शन करून आम्ही कड्याच्या वरच्या अंगाला गेलो. पाणी कोठून येते ते पाहावे हा हेतू. वर एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा शेळ्या राखीत बसला होता. हातात काठी, खांद्यावर टॉवेल. वाट विचारली तर तोच बरोबर आला आणि बोलता बोलता त्याने सबंध डोंगर आम्हाला दाखवला.

“ह्यो धावडा. ह्याचा डिंक निघतो. ह्यो तरवड, शेळी ह्येला तोंड लावत न्हाई. ही सीताफळं आजून काढू नका, डोळं उघडल्याबिगर पिकत न्हाईत, तशीच काळी पडत्यात.”

सीताफळाच्या खवल्यांमधल्या खाचा रुंदावून पांढुरक्या झाल्या की फळ काढणीला आले, ही खूण त्याला पक्की माहीत होती. कोणत्या ओघळीचे पाणी आधी आटते, मोर कोणत्या झाडीत रात्रीला बसतात, मुंग्या अंडी घेऊन वर चालल्या की काय समजायचे, सगळे त्याला ठाऊक. शेळ्या किती, असे विचारले तर त्याने मोजल्या नाहीत. एक नजर टाकली आणि म्हणाला, “बांडी दिसंना. तिकडं बोरीखाली असंल.” खरोखरच बांडी शेळी बोरीखाली होती.

“आज शाळा नाही का रे?” मी विचारले.

“हाय की. पन आई कामाला गेली. बहीन लहान्याला सांभाळती, शेळ्या माझ्याकडं.”

“मग रोज काय करतोस?”

“जातो जमंल तसं. दिवाळीपस्तोर. मंग कारखान्यावर जायचं असतंय. परत आल्यावर वर्गात काय चाललंय ते कळत न्हाई.”

तो हे अगदी सहज बोलला. कुठे तक्रारीचा सूर नाही. पण विचार करा. ज्या मुलाला इतकी झाडे ओळखता येतात, ज्याची नजर इतकी तयार आहे, जो नुसत्या पाहण्याने वजाबाकी करतो, तो मुलगा शाळेच्या लेखी ‘कच्चा’ आणि ‘सततचा गैरहजर’. त्याच्या घरी एक बहीण, तिच्या कडेवर धाकटे भावंड. म्हणजे एका कारणाने दोन मुलांची शाळा बुडाली. हे घर काही एकटे नाही. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर हीच कथा आहे.

या प्रश्नाला पूर्वी कोणी हात घातला होता का? होय, घातला होता. आणि तोही दोन मराठी बायकांनी.

एका बाईंची वाटचाल

अनुताई वाघ यांचे नाव वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक असेल. तरुण आयांना कदाचित नसेल. त्यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळायच्या आतच संपला. अशा मुलीच्या वाट्याला तेव्हा काय येत असे ते सांगायला नको. माजघराचा कोपरा आणि आयुष्यभराची चूल. अनुताई त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. त्या शिकल्या, प्राथमिक शिक्षिका झाल्या. आधी नाशिक जिल्ह्यातील चांदवडला आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी शिकवले. नोकरी करता करता मॅट्रिक झाल्या. पुढे तर वयाची पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए.ची पदवी घेतली.

१९४५ साल उजाडले तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. पुण्यातली चांगली नोकरी, राहायला सोय, ओळखीपाळखीची माणसे. त्या वर्षी कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम उभे करायचे आहे, येता का, असा प्रश्न होता. अनुताई गेल्या आणि मरेपर्यंत त्याच कामात राहिल्या.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. तिथे मुलांना मारणे नाही, दरडावणे नाही. मूल आपल्या आपण करून शिकते, शिक्षकाने त्याला साधने द्यावी आणि बाजूला उभे राहून पाहावे, हा तिथला रिवाज. इटलीच्या मारिया माँटेसरी बाईंच्या विचारांना गिजुभाईंनी आपल्या मातीत रुजवले होते. ताराबाई राजकोटची नोकरी सोडून त्यांना जाऊन मिळाल्या. तिथे काही वर्षे काम करून त्या मुंबईत आल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. पण त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत राहिली. ही शाळा शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांची. तिची साधने महाग, तिच्या खोल्या ऐसपैस. खेड्यातल्या गरीब मुलाला हे कसे मिळावे?

ते शोधण्यासाठी त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. तो मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई त्यांच्या उजव्या हात झाल्या.

अंगणात आलेली शाळा

शाळा काढली, पण मुले येईनात. गावातल्या सुखवस्तू घरची थोडी आली. ज्यांच्यासाठी काढली ती वारली पाड्यांवरची आणि दलित वस्तीतली मुले लांबच राहिली. कोणी म्हणाले असते, यांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाई-अनुताईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलापर्यंत गेली पाहिजे, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. त्या स्वतः वस्तीवर गेल्या आणि एखाद्या घराचे अंगण हीच शाळा झाली. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. अक्षरे सर्वांत शेवटी.

अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. १९७५ साली २ ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज गावोगाव अंगणवाडी आहे. आपली नात जिथे खिचडी खाते आणि गाणी म्हणते, त्या ठिकाणाचे नाव अशा एका वस्तीच्या अंगणातून आले आहे.

महाग साधनांचा प्रश्नही त्यांनी तसाच सोडवला. मोजायला लाकडी मणी हवेत ना? समुद्रकाठी शिंपले आहेत, झाडाखाली चिंचोके आहेत, ओढ्यात गोटे आहेत. रंग ओळखायला पाने-फुले, लहान-मोठे समजायला काड्या, हाताला वळण लागायला माती. गरिबाच्या दारात जे फुकट पडलेले असते त्यातूनच शिकवायचे. यात पैसा वाचला हा तर फायदा झालाच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मुलाला ती वस्तू आपली वाटली. चिंचोके हाताळताना कोणतेही लेकरू बुजत नाही.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती डोंगर, झाडी आणि वारली पाडे. इथे थोडी मोठी मुले शाळेत का येत नाहीत याचा शोध घेतला तेव्हा दोन कारणे पुढे आली.

पहिले कारण, मुलगे गुरे चारायला जातात. दुसरे कारण, मुली धाकटी भावंडे सांभाळतात.

कपिलधारच्या माळावरचा मुलगा आणि त्याची बहीण आठवा. बालाघाट आणि कोसबाड यांच्यामध्ये शेकडो मैल आहेत, पण गरिबाच्या घरातली अडचण दोन्हीकडे एकच.

पहिल्या अडचणीवर त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे जिथे चरतात तिथेच बाई साहित्य घेऊन जायच्या. गुरांवर लक्ष ठेवता ठेवता झाडाखाली पाठ चालायचा. पाखरू बसले की पाखराचा, किडा दिसला की किड्याचा. मुलाला जे येते तिथून सुरुवात करायची आणि जे येत नाही तिथपर्यंत न्यायचे. आधी वाचणे-लिहिणे आणि मग जग, असा हा क्रम नव्हता. समोर असलेल्या जगातूनच वाचणे-लिहिणे उगवत असे.

दुसऱ्या अडचणीवर त्यांनी विकासवाडी बांधली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. ताईने बाळाला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे आणि आपण आपल्या वर्गात जावे. मधून मधून जाऊन बाळाला पाहून यावे. म्हणजे घरच्या कामाला ‘ते टाक आणि शाळेत ये’ असे न सांगता, ते काम शाळेच्या पोटात घेतले. हे करायला मोठे मन लागते आणि व्यवहारही कळावा लागतो.

१९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताईंनी पुढची जवळजवळ वीस वर्षे ते काम चालवले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र लिहिले आहे. गावच्या ग्रंथालयात असेल तर जरूर वाचावे. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

कपिलधारच्या दरीतले धडे

आता पुन्हा कपिलधारला येऊ. समजा अनुताईंच्या वळणाचे एखादे गुरुजी आपला वर्ग घेऊन इथे आले, तर ते काय शिकवतील?

ते मुलांना रांगेत उभे करून माहिती सांगणार नाहीत. कड्याकडे बोट करून एवढेच विचारतील, “हा दगड वरपासून खालपर्यंत एकसारखा आहे का?” मुले पाहतील. थर दिसतील. काही कठीण, काळे. काही मऊ, मुरमाड, तांबूस. मग सांगता येईल की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस बाहेर आला, पसरला, थिजला, पुन्हा आला. आपला बालाघाट अशा थरांचा आहे. आपल्या विहिरीला कधी पाणी लागते आणि कधी नुसता पाषाण लागतो, याचे उत्तर याच थरांत आहे. बापाने विहीर खणताना पाहिलेले मूल हा धडा विसरणार नाही.

दुसरा धडा पाण्याचा. बालाघाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. उत्तरेचे पाणी बिंदुसरा आणि सिंदफणा यांच्या वाटेने गोदावरीला मिळते. दक्षिणेचे पाणी मांजरा घेऊन जाते. मांजरेचा उगमही याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात आहे. लातूरकडून कर्नाटक-तेलंगणाचा मोठा वळसा घेऊन तीही शेवटी गोदावरीलाच मिळते. एका माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब शेकडो मैलांवर पुन्हा भेटतात. ओल्या मातीचा ढीग करून वर तांब्याने पाणी ओतले की हे मुलांना डोळ्यांनी दिसते. नकाशा नंतर काढावा.

तिसरा धडा झाडांचा. प्रत्येकाने पाच पाने गोळा करावी आणि त्यांची नावे, उपयोग घरी आजीला विचारून यावे. गुरुजींना जे माहीत नाही ते आजीला माहीत असते. एरवी ‘मला काय कळतंय’ म्हणणारी आजी त्या दिवशी शाळेची शिक्षक होते. पळसाची पाने पत्रावळीला, धावड्याचा डिंक, निंबाचा पाला धान्यात, हे सगळे वहीत उतरते.

चौथा धडा हिशेबाचा. सीताफळाची पाटी बाजारात केवढ्याला जाते? रस्त्यावरचा व्यापारी केवढ्याला घेतो? मधला फरक किती आणि कशाचा? हा पाचवीचा गणिताचा पाठ आहे आणि घराच्या फायद्याचाही.

आणि पाचवा धडा माणसांचा. यात्रेला कोणकोणत्या प्रांतांतून लोक येतात, कोणत्या भाषा बोलतात, चारशे वर्षांपूर्वीच्या एका संताने मराठीत का लिहिले असेल. हा इतिहास, भूगोल आणि भाषा एकदमच.

यातल्या कशालाही पैसा लागत नाही. लागते ते एवढेच की गुरुजींनी मुलाला आधी बोलू द्यावे. शेळ्या राखणारा तो मुलगा अशा वर्गात शेवटच्या बाकावर बसणार नाही. तो पुढे चालेल आणि वर्ग त्याच्या मागे.

यात्रा सरते आणि गावे ओस पडतात

पण हे सारे गोड बोलून झाले तरी एक कठीण गोष्ट उरतेच. कार्तिकाची यात्रा होते, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरमध्ये नाहीतर बैलगाडीवर भांडी, शेळ्या, धान्याचे पोते आणि त्यावर बसलेली लेकरे. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे पाच-सहा महिने मुक्काम. पाचटाच्या कोपीत संसार. पहाटे आई-बाप फडात गेले की मागे बाळ सांभाळायला पुन्हा तीच थोरली मुलगी. वाढे गोळा करायला, मोळ्या वाहायला तोच मुलगा. घरी परत येईपर्यंत वार्षिक परीक्षेचे दिवस आलेले असतात.

एक वर्ष गेले तर मूल सावरते. ओळीने तीन वर्षे असे झाले की त्याचे शाळेशी नाते तुटते. मग मुलीचे लवकर लग्न लावले जाते आणि नवा कोयता तयार होतो. बापाने उचल घेतली, पोरानेही घेतली. हे चक्र कुठे थांबवायचे?

कोसबाडच्या बाईंनी घालून दिलेला हिशेब इथेही लागू पडतो. मूल शाळेपाशी नसेल तर शाळा मुलापाशी जावी, नाहीतर मुलाला शाळेपाशी राहण्याची सोय व्हावी. त्याच वाटेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या आणि गावांत हंगामी वसतिगृहे सुरू झाली. आई-बाप गेले तरी मुले गावातच राहून, दोन वेळ जेवून शिकावीत अशी ही योजना. सर्व ठिकाणी ती सारखी चालते असे नाही. कुठे उशिरा सुरू होते, कुठे नुसती नावाला असते. म्हणून पालकांनीच काही गोष्टी माहीत करून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तुम्ही ज्या गावी ऊस तोडायला जाल तिथल्या सरकारी शाळेला तुमच्या मुलाला घ्यावेच लागते. दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा कागद नाही, एवढ्यासाठी प्रवेश नाकारता येत नाही.

दुसरी गोष्ट, गाव सोडण्यापूर्वी आपल्या शाळेतून मुलाचे शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. मूल कोणत्या वर्गात आहे, कुठवर शिकले आहे याची नोंद त्यात असते. ते दाखवले की नव्या गावच्या गुरुजींना पुढे कुठून सुरुवात करायची ते कळते. कार्ड भांड्यांच्या पोत्यात टाकू नये, उचलीचा कागद जपता तसे जपावे.

तिसरी गोष्ट, हंगामी वसतिगृहाची मागणी दसऱ्याआधीच मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे नोंदवावी. टोळी निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आजी-आजोबा गावात राहत असतील तर मुलांना त्यांच्याजवळ ठेवण्याचा विचार करावा आणि मुलीच्या बाबतीत तो आधी करावा.

चौथी गोष्ट टोळीतल्या बायांसाठी. दहा-बारा कोयत्यांची टोळी असेल तर लहान बाळे सांभाळायला एखाद्या वयस्क बाईला कोपीवर ठेवून तिचा वाटा सर्वांनी मिळून उचलता येईल का, ते पाहावे. हे आपले आपण केलेले पाळणाघरच. एका बाईची मजुरी सगळ्यांत वाटली तर भार थोडा येतो आणि चार-सहा मुली शाळेला मोकळ्या होतात. कोसबाडला हीच युक्ती फळाला आली होती.

आणि शाळा खरोखरच जमली नाही तरी शिकणे थांबवू नये. फडात मोळीत किती उसाच्या कांड्या, गाडीत किती मोळ्या, टनाचा भाव काय, आठवड्याचे किती झाले, हे मुलाकडून मोजून घ्यावे आणि वहीत मांडून घ्यावे. मुकादमाचा हिशेब तपासता येणारे एक जण घरात तयार होईल, हा लाभ काही लहान नाही.

जायचे असेल तर

कपिलधार पाहायला श्रावण ते आश्विन हा काळ चांगला. बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. कार्तिक पौर्णिमेला मात्र गर्दी फार असते, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये. धारेखालचे दगड शेवाळाने निसरडे असतात. पाण्यात उतरताना मोठ्या माणसाने पुढे व्हावे आणि पाऊस जोराचा असेल तर ओढ्यात उतरूच नये. जेवणाची शिदोरी बरोबर न्यावी, पण कागद-पिशव्या तिथे टाकू नयेत. ही जागा देवाची आहे, आणि इथले पाणी पुढे कोणाच्या तरी शेतात जाणार आहे. परिसरात मोरांची वस्ती आहे. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्यही फार लांब नाही.

शाळांनी सहल आणायची असेल तर एक सुचवावेसे वाटते. सहलीला वर्गणी भरणारी मुलेच येतात. ज्यांची ऐपत नाही आणि जी शेळ्यांमागे आहेत, ती घरी राहतात. बालाघाटावरच्या गावांना तर कपिलधार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वर्गणी न घेता, डब्यात भाकरी-चटणी बांधून सर्व मुलांनी पायी जावे, आणि वाट दाखवण्याचे काम त्या मुलांकडे द्यावे ज्यांना हा माळ पाठ आहे. दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, असा एक दिवस प्रत्येक शाळेने काढावा. त्याच दिवशी संध्याकाळी पालकांना बोलावून कोणते मूल कारखान्यावर जाणार, कोणते गावात राहणार याची यादी करावी, आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याचे कार्ड द्यावे.